‘एखादा प्रसंग सांगा’ म्हटल्यावर काय सांगायचं

‘तुमच्याबद्दल सांगा’ आटोपलं की हल्ली मुलाखत लगेच प्रसंगांवर येते. ‘वरिष्ठांशी मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांगा.’ ‘काम वेळेत होणार नाही हे कळलं, तेव्हा काय केलंत?’ ‘कुणी न सांगता हातात घेतलेलं एखादं काम?’ यांना बिहेवियरल प्रश्न म्हणतात. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एचआरची नाही, पण इंजिनिअर किंवा सुपरवायझर घ्यायचा असला की एचआरच्या शेजारची खुर्ची माझी असते आणि मार्कांचा कागद मलाही भरावा लागतो. त्या खुर्चीतून जे दिसतं त्यावरून सांगते.

आधी तो कागद समजून घ्या. त्यावर चार-पाच गुण छापलेले असतात: जबाबदारी घेणं, अडचण सोडवणं, इतरांना बरोबर घेऊन काम करणं, नियम पाळणं, असे. प्रत्येकापुढे एक ते पाच मार्क आणि त्याखाली दोन-तीन ओळींची मोकळी जागा. ती जागा पुराव्यासाठी असते. उमेदवार म्हणाला, ‘मी खूप मेहनती आहे, टीम प्लेअर आहे,’ तर तिथे मी काहीच लिहू शकत नाही. तो म्हणाला, ‘रात्रपाळीत दोन ऑपरेटर आले नव्हते, तेव्हा मी पॅकिंगची दोन माणसं शेवटच्या तपासणीला घेतली आणि पॅकिंग सकाळच्या पाळीवर ढकललं,’ तर माझं पेन चालायला लागतं. मुलाखती झाल्या की संध्याकाळी आम्ही तिघं बसतो. तेव्हा कुणाचं इंग्रजी छान होतं हे सहसा निघत नाही, कागदावर काय उरलं तेच वाचलं जातं. म्हणून तयारी करायची ती त्या मोकळ्या जागेसाठी.

ही पद्धत जुनी आहे. जॉन फ्लॅनगन हे मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हवाई विभागासाठी काम करत होते. ‘चांगला’, ‘वाईट’ असे शेरे बाजूला ठेवून नेमक्या प्रसंगी माणसाने काय केलं त्याच्या नोंदी गोळा करायच्या, ही त्यांची रीत. १९५४ साली त्यांनी त्यावर लिहिलेला लेख आजही आधाराला घेतला जातो. पुढे १९७०च्या दशकात डीडीआय या अमेरिकी कंपनीने भरतीसाठी अशा मुलाखतीची पद्धत बाजारात आणली. परिस्थिती, काम, कृती, परिणाम हा ‘स्टार’ नावाचा साचा तिचाच. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरतीच्या वेगवेगळ्या पद्धतींचे जुने आकडे पुन्हा तपासले. बहुतेक पद्धतींचा भाव उतरला, पण सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारून मार्क देण्याची मुलाखत यादीत वरच राहिली. त्यामुळे हे खूळ उद्या जाईल या आशेवर राहू नका.

आता तयारी. बहुतेक मुलं ‘टॉप पन्नास प्रश्न’ शोधून त्यांची उत्तरं लिहायला बसतात. ते करू नका. पन्नास उत्तरं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, आणि पॅनल एक्कावन्नावा प्रश्न विचारतं. स्वतःच्या आयुष्यातले सहा-आठ प्रसंग नीट गोळा करा. एकच प्रसंग तीन-चार प्रश्नांना चालतो, फक्त जोर वेगळ्या जागी द्यायचा.

प्रसंग डोकं खाजवून आठवत नाहीत, सामान उपसून आठवतात. फोनमधले जुने फोटो बघा. शॉप फ्लोअरवर काम केलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तुटलेल्या टूलचे, चुकीच्या लेबलचे, बोर्डावरच्या आकड्यांचे फोटो असतातच. लाइनचा व्हॉट्सॲप ग्रुप मागे मागे वाचत जा. ज्या दिवशी एकदम साठ मेसेज आलेत, त्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं. शिफ्टची डायरी, जुने मेल, ऑडिटमध्ये निघालेले मुद्दे, वर्षअखेरचं अप्रेझल. वाचताना मनात हे प्रश्न ठेवा: कोण रागावलं होतं? मी कशाला नाही म्हटलं? ठरलेलं कधी फिसकटलं? माझं नसलेलं काम माझ्या अंगावर कधी आलं? कुणाचं मत मी बदललं, किंवा कुणी माझं? काय बिघडवलं? काय पटकन शिकावं लागलं?

नव्याने पास झालेली मुलं म्हणतात, ‘मॅडम, आम्हाला अनुभवच नाही.’ अनुभव असतो, तो ‘प्रोफेशनल’ वाटत नाही म्हणून दडवलेला असतो. मंडळाच्या वर्गणीचा हिशोब जुळत नव्हता तेव्हा पावतीपुस्तकं कुणी तपासली? एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात स्वयंपाकाचा गॅस संपला तेव्हा? वडिलांच्या दुकानात उधारी वसूल करायला कोण जायचं, आणि काय बोलायचं? या सगळ्याला मार्क मिळतात. उलट कॉलेजची मोठ्ठी नावं नुसती घेऊन काही होत नाही. ‘आम्ही बाहात भाग घेतला’ असं सांगणारे बरेच भेटतात; बाहा म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः गाडी बनवून उतरायची स्पर्धा. मी विचारते, ब्रेक टेस्ट पहिल्या फेरीत झाली का? त्या चाचणीत गाडीची चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. ज्याने ब्रेकवर काम केलंय तो लगेच उजळतो आणि पाइपात हवा राहिली होती, रात्री पुन्हा ब्लीडिंग करून ती काढली, असं काय काय सांगतो. ज्याने फक्त टी-शर्ट घातला होता तो कॅप्टनचं नाव सांगतो.

प्रसंग निवडून झाले की एकेकाची उलटतपासणी करायची. खरं काम हे आहे, आणि बहुतेक जण तेच टाळतात. नमुन्यासाठी मी एक उत्तर रचलंय, आकडेही माझेच आहेत.

‘आमच्याकडे एका पार्टचं रिजेक्शन खूप होतं. आम्ही टीमवर्क करून रूट कॉज शोधला, ऑपरेटर्सना ट्रेनिंग दिलं आणि रिजेक्शन बरंच कमी झालं.’

यातलं माझ्या कागदावर काय जाईल? शून्य. या उमेदवाराशी मी असं बोलेन:

‘खूप म्हणजे किती?’
‘महिन्याला तीनशेच्या आसपास, मॅडम.’
‘कशात जात होते?’
‘बोअर मोठा, म्हणजे आतलं भोक मापाबाहेर.’
‘म्हणजे थेट भंगार. लहान राहिला असता तर पुन्हा मशीनवर घेता आला असता. बरं, आम्ही शोधला म्हणजे कुणी?’
‘मी आणि सिनिअर सर.’
‘सर काय करत होते आणि तू काय करत होतास?’
‘सर मीटिंगला जायचे. मी मशीनपाशी उभा राहून खराब तुकडा कधी निघतो ते लिहायचो.’

इथे मुलाखत सुरू झाली. हे वाक्य त्याने सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, पण त्याला ते किरकोळ वाटलं. मशीनपाशी उभं राहून तास न् तास लिहिणं हे त्याला काम वाटत नाही, ‘रूट कॉज ॲनालिसिस’ म्हटलं की काम वाटतं! पुढे खोदलं की बाकीचं निघतं: खराब तुकडे दिवसभर विखुरलेले नव्हते, इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, बदलल्यानंतरच्या पहिल्या काही तुकड्यांत साचलेले होते. इन्सर्ट बदलला की पहिला तुकडा मोजून ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेला मापातला फरक, दुरुस्त करायचा असतो. पण मोजायचं गेज दोन मशीनांत मिळून एकच, आणि ते शेजारच्या लाइनवर. ऑपरेटर तिथवर जाऊन येण्याऐवजी अंदाजाने ऑफसेट टाकून चालू करायचा. स्टोअरमध्ये दुसरं गेज पडून होतं, त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतं याची तपासणी, त्याची मुदत संपलेली. सुपरवायझर म्हणाला, कॅलिब्रेशनला पाठवायला खर्च आहे, राहू दे. या मुलाने एका महिन्याच्या भंगाराची किंमत आणि कॅलिब्रेशनचं बिल एका कागदावर शेजारी शेजारी लिहून नेलं. गेज गेलं, आलं, मशीनवर लागलं. तीनशेवर असलेलं रिजेक्शन पुढच्या दोन महिन्यांत नव्वदच्या खाली आलं.

आता तेच उत्तर पुन्हा:

‘एका बुशच्या बोअरमध्ये महिन्याला साधारण तीनशे तुकडे भंगारात जात होते. ते का, हे बघायचं काम सरांनी मला दिलं. मी आठवडाभर दोन्ही पाळ्यांत मशीनपाशी थांबून प्रत्येक खराब तुकड्याची वेळ लिहिली. जवळजवळ सगळे इन्सर्ट बदलल्यावर लगेच निघत होते. ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, गेज पलीकडच्या लाइनला असतं. स्टोअरमध्ये जादा गेज होतं, पण कॅलिब्रेशन संपलेलं, आणि सुपरवायझर खर्चाला तयार नव्हते. मी भंगाराची किंमत आणि कॅलिब्रेशनचं बिल एकत्र मांडून त्यांना दाखवलं. त्यांनी होकार दिला. दोन महिन्यांनी आकडा नव्वदच्या खाली होता. सेटिंगचे काही तुकडे अजून जातातच.’

मिनिटभराचं उत्तर आहे. अवघड शब्द एकही नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. ‘रिजेक्शन झिरो झालं’ असं कुणी म्हणालं की क्वालिटीच्या माणसाचा विश्वास उडतो, आणि उरलेलं नीट माहीत असलेल्या माणसावर बसतो.

‘ट्रेनिंग दिलं’ ही ओळ गेली, तेही बघा. कस्टमरच्या तक्रारीवर कारण आणि उपाय लिहून द्यायचा एट-डी (8D) रिपोर्ट ज्यांनी भरलाय त्यांना माहीत आहे: उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ लिहिलं की कस्टमर रिपोर्ट परत पाठवतो. समज देऊन प्रोसेस बदलत नाही. मुलाखतीतही ‘मी सगळ्यांना समजावलं, मोटिव्हेट केलं’ हे तसंच परत येतं. काय बोललात, कुणाशी, त्यानंतर त्याने वेगळं काय केलं, ते सांगा.

‘आम्ही’चं दुखणं मात्र आपल्याकडे खोल आहे. मी मी करणारा माणूस घरात, शाळेत, सगळीकडे खटकतो, आणि ती सवय चांगलीच आहे. पण पॅनल टीमला नोकरी देत नाही. यावर उपाय म्हणून सगळं श्रेय ओढून घ्यायची गरज नसते. वाटणी सांगा: डिझाइन दुसऱ्याचं, चाचण्या माझ्या, पैसे मंजूर केले ते सरांनी. इतरांचं नाव स्वच्छ घेणाऱ्याचा ‘मी’ उर्मट वाटत नाही.

वेळेचं म्हणाल तर दीड-दोन मिनिटं पुरे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही काय केलंत यावर. लोक परिस्थितीतच अडकतात. कंपनी कधी सुरू झाली, किती लाइन, कस्टमर कोण, प्लांट हेड कसा कडक. ऐकणाऱ्याला प्रसंग समजण्यापुरतं दोन-तीन वाक्यांत सांगा आणि पुढे सरका. जुन्या कंपनीच्या कस्टमरचं नाव, ड्रॉइंग, दर यांतलं काही तोंडातून जाऊ देऊ नका. ते जो सहज सांगतो, तो उद्या आमचंही सांगेल, हे पॅनलमधल्या प्रत्येकाच्या मनात येतं.

अवघड प्रश्न दोनच. पहिला, अपयशाचा. ‘माझी कमजोरी म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. खरी चूक सांगा, जिची किंमत कुणाला तरी मोजावी लागली: माल उशिरा गेला, हिशोब दोनदा करावा लागला, ज्युनिअर दुखावला. ती तुमच्या लक्षात कशी आली, कुणाला आणि किती लवकर सांगितलंत, आणि आज कामाच्या पद्धतीत त्यामुळे काय वेगळं करता. तिसरा भाग सवय किंवा कागद असा काहीतरी दाखवता येण्याजोगा हवा. ‘तेव्हापासून मी काळजी घेतो’ हे उत्तर नव्हे. ‘तेव्हापासून डिस्पॅचच्या आदल्या दिवशी चारला मी स्वतः स्टॉक मोजतो’ हे उत्तर. खोटी कागदपत्रं, सुरक्षेशी खेळ, पैशांची अफरातफर अशा चुका मात्र नोकरीचा दरवाजाच बंद करतात. प्रसंग निवडताना एवढं भान ठेवा.

दुसरा, भांडणाचा. आमच्या धंद्यात हा प्रसंग प्रत्येकाकडे तयार असतो: महिनाअखेर, गाडी गेटवर उभी, प्रॉडक्शन म्हणतं सोडा, क्वालिटी म्हणते थांबा. यात मी कोण जिंकलं ते बघत नाही. समोरच्याची बाजू उमेदवाराला प्रामाणिकपणे मांडता येते का ते बघते. ‘प्रॉडक्शनवाल्यांना क्वालिटीचं काही पडलेलंच नसतं’ म्हणणारा उमेदवार आमच्याकडे रोज भांडेल. ‘त्यांच्यावर कस्टमरची लाइन थांबण्याचं दडपण होतं. मी म्हटलं, संशय असलेला लॉट बाजूला काढू, उरलेला शंभर टक्के तपासून दोन तासांत देते,’ असं म्हणणारी मला हवी असते. जुन्या साहेबाची निंदा तर नकोच. साहेब खरोखर वाईट असला तरी तो या खोलीत नाही, आणि त्याची बाजू ऐकायला आम्हाला वेळ नाही.

काही वेळा प्रश्न ‘काय कराल?’ असा येतो. तिथेही ‘असंच काहीसं माझ्या बाबतीत झालं होतं’ म्हणून घडलेल्यावर येता आलं तर या. तसं काहीच घडलेलं नसेल तर सरळ सांगा आणि विचार कसा कराल ते बोला. ओढूनताणून प्रसंग रचू नका. रचलेला प्रसंग पहिल्या प्रश्नाला टिकतो, दुसऱ्याला डगमगतो. गेज कोणतं होतं? मोजायला किती वेळ लागायचा? ऑपरेटर काय म्हणाला? खऱ्या माणसाला अशा प्रश्नांनी उलट बरं वाटतं, कारण शेवटी कुणीतरी नीट विचारतंय. चॅटजीपीटीकडून लिहून आणलेली उत्तरंही अशीच उघडी पडतात, त्यात सगळे ‘भागधारकांशी प्रभावी संवाद’ साधत असतात. त्याचा उपयोग करायचाच तर उलटा करा: तुमचा प्रसंग त्याला सांगा आणि म्हणा, यावर मला दहा खोचक प्रश्न विचार.

सराव मोठ्याने करा, फोनवर रेकॉर्ड करून. आधी मराठीत. प्रसंग ज्या भाषेत घडला त्या भाषेतच तो नीट आठवतो, गेज आणि ऑफसेटसकट. मग तोच साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. वाक्यं पाठ करू नका, एखादा शब्द निसटला की गाडी जागीच थांबते. प्रत्येक प्रसंगासाठी एका कागदावर चार गोष्टी पुरतात: प्रसंगाचं घरगुती नाव, एक आकडा, तुम्ही निर्णय घेतला तो क्षण, शेवट. ‘पलीकडचं गेज / ३०० / दोन बिलं शेजारी / ९०.’ मग नोकरीची जाहिरात समोर घ्या, तिच्यातली मागणी अधोरेखित करा आणि प्रत्येक मागणीपुढे एका प्रसंगाचं नाव लिहा. जिथे जागा रिकामी राहील तिथे पुन्हा फोटो उपसा. चाकण-रांजणगावच्या बऱ्याच पॅनलमध्ये निम्मं बोलणं मराठी-हिंदीतच होतं. इंग्रजीत अडलात तर ‘हिंदीत सांगू का?’ विचारायला लाजू नका.

काही ठिकाणची रीत वेगळी आहे. ॲमेझॉनने आपली सोळा लीडरशिप प्रिन्सिपल्स जाहीरच केलेली आहेत आणि प्रश्न त्यांना धरून येतात, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी प्रसंग त्या यादीसमोर मांडावेत. सैन्यासाठी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीमध्ये मुलाखत घेणारा अधिकारी तुम्ही आधी भरलेला माहितीचा फॉर्म पुढ्यात घेऊन बसतो आणि शाळा, मित्र, खेळ, घर यांवर एका दमात प्रश्नांची साखळी लावतो. फॉर्ममध्ये ‘छंद: ट्रेकिंग’ लिहिलं असेल तर शेवटचा गड कोणता, बरोबर कोण होतं, वाट चुकलात तेव्हा काय केलंत, हे तयार हवं. तिथे बाहेरून पॉलिश केलेली उत्तरं घेऊन जाण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष खोलीत एक सवलत बहुतेक जण वापरत नाहीत. प्रश्न आला की ‘एक मिनिट विचार करतो’ म्हणता येतं. दहा-पंधरा सेकंदांची शांतता तुम्हाला तासभर वाटते, आम्ही तेवढ्यात आधीच्या उत्तराचे मार्क भरत असतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. उत्तर संपलं की थांबा. पॅनल लिहीत असलं की उमेदवाराला वाटतं काहीतरी राहिलंय, आणि तो चांगल्या उत्तराला शेपूट लावत बसतो.

गेटबाहेर पडलात की बस मिळेपर्यंत फोनवर टिपून ठेवा: कोणते प्रश्न आले, कोणता प्रसंग सांगितला, कुठे उलटप्रश्नाला आकडा आठवला नाही. दुसऱ्या फेरीला बहुतेक वेळा प्लांट हेड असतो, आमचे कागद त्याच्यापुढे असतात, आणि तो नेमकं तिथूनच विचारतो.